पूल बंद आहे : आठ जणी, सात मात्रा, अकरा रविवार

तीन पावसाळ्यांपूर्वीचा जुलै. रविवारी सकाळी साडेसातला पुण्याच्या नारायण पेठेत माझा मोठ्या बायकांचा कथकचा वर्ग असतो. त्या दिवशी आठांपैकी पाच जणी आठ वाजता, निथळत, एकामागून एक उगवल्या. मुठेवरचा बुटका भिडे पूल बंद. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, पुलाच्या तोंडाशी अडथळे लावलेले, आणि कोथरूड-एरंडवण्याकडून येणाऱ्या सगळ्या जणी झेड ब्रिजच्या रांगेत. घुंगरू बांधता बांधता प्रत्येकीने आपापली हकिगत सांगितली. एकीने गाडी वळवताना मागच्या काकांचं ऐकून घेतलं, एकीने पाण्याचा व्हिडिओ काढून आधी घरच्या ग्रुपवर टाकला. आमची बँकेतली मात्र दहा मिनिटं तिथेच उभी राहिली होती, गाडी बंद करून.

‘का गं?’

‘काही नाही ताई. ना घरी, ना क्लासला. बरं वाटलं.’

त्या वाक्यावरून आम्ही नाच बसवायला घेतला. पुढचे चार रविवार मी ते वाक्य साफ विसरले. ते परत कसं सापडलं, त्याची ही नोंद. समूहनृत्य बसवणाऱ्या आणि एकमेकींच्या सूचनांनी बेजार झालेल्या कोणाला उपयोगी पडली तर पडली.

आम्ही कोण

आठ जणी. सर्वांत धाकटी एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगला. सर्वांत मोठी अठ्ठावन्न, जिला बाकीच्या सगळ्या काकू म्हणतात आणि ती मला ताई म्हणते, मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान असूनही. मधल्या सहा जणींत एक बँकेतली, एक शाळेत गणित शिकवणारी, एक फिजिओथेरपिस्ट, एक पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमींत कॉलेजची वर्षं घालवलेली, आणि दोघी आयटीतल्या. सगळ्यांचं किमान सहा वर्षांचं शिक्षण झालेलं. म्हणजे तोडा-तुकडा (बोलांची छोटी रचना) हातावर ताल देत पढून, म्हणजे तोंडाने म्हणून, नाचता येतो, तत्कार (पायांचं काम) चौगुणीत टिकतो, पण रंगमंचाचा अनुभव क्लासच्या गुरुपौर्णिमेपुरताच.

रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली. आज या शहरात कथकचा क्लास दर दोन गल्ल्यांआड सापडतो. पण कथक मुळात एकटीने करायचा नाच. आपण शिकतो ते एकटीने: आपला थाट, आपली आमद, आपली सम. आठ जणी एकत्र आल्या की आठ एकल नर्तिका शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि त्याला आपण समूह म्हणतो. ही अडचण मला माहीत होती. तिची दुसरी बाजू मात्र लक्षात आली नव्हती: एकटीने शिकलेल्या बाईला दुसरीचा नाच बघायची सवयच नसते. ती दुसरीकडे बघते ते आपला हात तिच्या हाताशी जुळतोय का हे ताडायला.

उद्दिष्ट नऊ मिनिटांचं. ताल रूपक. सात मात्रा, तीन-दोन-दोन. हा ताल घेण्यामागे एक कारण होतं, ते शेवटी कामाला आलं: रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर येते. हातावर ताल देताना पहिल्या मात्रेला टाळी वाजत नाही, हात बाजूला जातो. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. ज्या जागी पोचायचं ती जागाच रिकामी. बंद पुलाला याहून जवळचा ताल मला सुचला नाही.

पाण्याचे चार रविवार

पहिली मांडणी मी घरी केली, ओट्यावर आठ वाट्या मांडून. वाट्या सरकवत फॉर्मेशन ठरवायची ही माझी जुनी सवय. वाट्यांना दम लागत नाही आणि त्या एकमेकींना धडकत नाहीत, हा त्यातला धोका.

कल्पना अशी होती: चार जणी पाणी, चार जणी बायका. पढंत मी करणार आणि पढंतीत बोलांच्या मध्ये विसर्गाचे आकडे येणार. पावसाळ्यात आपण सगळे जे ऐकतो तेच: ‘खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सोडण्यात येणारा विसर्ग वाढवून…’ पाच हजार क्युसेक, मग नऊ, मग पंधरा. आकडा वाढला की लयही वाढणार. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पंधरा हजार म्हणजे सेकंदाला सव्वाचार लाख लिटरच्या आसपास. गणिताच्या बाईंनी हे उभ्या उभ्या काढून सांगितलं आणि वर्गात एक क्षण शांतता पसरली.) पाणीवाल्या चौघींच्या निळ्या ओढण्या, चक्करा, शेवटी द्रुत लयीत तिहाई (एकच तुकडा तीनदा) आणि धाडकन सम.

चौथ्या रविवारी पहिला सलग रन झाला. त्या दिवशी फिजिओथेरपिस्टची आत्या सोबत आली होती, पंचाहत्तरीच्या पुढची. तिला खुर्ची दिली, चहा दिला. नाच संपल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘पानशेत अगदी छान दाखवलंत गं.’

कोणी काही बोललं नाही. पुण्यात त्या वयाच्या माणसासमोर मुठेचं पाणी चढताना दाखवलं तर त्याला १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस, दिसणार, दुसरं काय दिसणार? आम्ही मात्र पानशेत दाखवत नव्हतो. एक लहानसा पूल दोन दिवस बंद असतो, लोक चिडचिड करतात, वळसा घालून जातात, आणि एक बाई दहा मिनिटं उभी राहते, एवढंच होतं आमच्याकडे. त्यावर मी निळ्या ओढण्यांचा महापूर आणून ठेवला होता.

आत्याला रिक्षात बसवल्यावर मी वर आले आणि सगळ्यांना विचारलं, ‘तुम्हाला हे माहीत होतं?’ तेव्हा नजरा चुकवत एकेक बोलू लागली. पाणी जास्त झालंय, असं तिघींना पहिल्या आठवड्यापासून वाटत होतं. मग बोलल्या का नाहीत? काकू म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही बसवलंय म्हटल्यावर…’

बोलत तर होत्याच

यातला विनोद असा की त्या चार रविवारांत बोलणं काही कमी नव्हतं. प्रत्येक रननंतर वीस मिनिटं नुसता कलकलाट. ‘अगं, तुझा डावा हात खाली राहतो.’ ‘तू मला झाकतेस.’ ‘तुमची लाइन पुढे येते.’ ‘छान झालं गं, पण एनर्जी कमी होती.’ एनर्जी या शब्दावर मी पुढे बंदीच घातली. या सगळ्या सूचना शेजारणीने शेजारणीला दिलेल्या आणि सगळ्या अंगाच्या: हात, पाय, रांग. नाच काय सांगतोय यावर अवाक्षर नाही. ते खातं ताईंचं.

माझी एक मैत्रीण विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात शिकलेली. तिच्यापुढे रडगाणं गायल्यावर तिने मला लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत समजावून सांगितली. लर्मनने ती १९९० मध्ये मांडली आणि आता नाचाबाहेरही ती वापरतात. करणारा, बघणारे आणि मध्ये एक सूत्रधार अशा तीन भूमिका, पायऱ्या चार. आधी बघणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. मग करणाऱ्याने आपले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही. शेवटी मत, तेही परवानगी मागून: ‘ओढण्यांबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ करणारा नाही म्हणू शकतो.

ऐकायला सोपं वाटतं. पाचव्या रविवारी करून बघितलं आणि तिसऱ्या पायरीवर आपटलो.

मराठीत मत न लपवता प्रश्न विचारणं फार अवघड आहे. ‘इथे चक्कर का घेतली?’ हा प्रश्नच नव्हे, तो ठपका आहे. आपल्याकडे ‘का’ने सुरू होणारं बोलणं लहानपणापासून खरकटी ताटली आणि उशिरा घरी येणं यांच्याच संदर्भात ऐकलेलं असतं. ‘जरा जास्तच नाही का होत?’ हे तर प्रश्नचिन्ह लावलेलं निकालपत्र. त्यातला ‘च’ काढा, ‘नाही का’ काढा, मग उरतं काय ते बघा. आमच्या पुरुषोत्तमवालीने नियम सुचवला: ‘का’ बंद. काय, कधी, कोण, कुठून आणि कशामुळे, एवढेच चालतील. ‘इथे एवढं फास्ट का?’ याचं झालं ‘इथे लय कशामुळे वाढते?’ पहिल्या प्रश्नावर मी उसळले असते. दुसऱ्यावर मला खरंच विचार करावा लागला, आणि उत्तर आलं: आकडा वाढतो म्हणून. म्हणजे बायकांमुळे वाढत नाही. म्हणजे बायकांना त्या लयीशी काही घेणंदेणंच नाही.

चौथी पायरीही आमच्या मापाची नव्हती. एकही शिष्या आपल्या ताईला ‘मत आहे, ऐकायचंय का’ असं म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर मी ‘नको’ म्हणणार नाही. दोन्ही उद्धटपणाच वाटतो. म्हणून चिठ्ठ्या काढल्या. नाव न लिहिता मत लिहायचं, डब्यात टाकायचं. ही माझी कल्पना आणि ती सपशेल फसली. आठ जणींचं अक्षर आठही जणी ओळखतात. एका चिठ्ठीत एकीच्या वजनाबद्दल एक ओळ होती. ती मी मोठ्याने वाचली नाही, पण वाचताना थबकले, आणि तेवढं पुरलं. डबा त्याच दिवशी स्वयंपाकघरात परत गेला. त्यात आता शेंगदाण्याचं कूट असतं.

टिकल्या त्या तीन गोष्टी. सूत्रधार सर्वांत धाकटी, कारण तिला कोणाचीच भीड नव्हती आणि घड्याळ लावून ती काकूंनाही थांबवायची. माझी जागा सगळ्यांबरोबर सतरंजीवर, खुर्चीवर नाही. आणि दोन वेगळे कागद: एकावर दुरुस्त्या, एकावर प्रश्न.

या दोन कागदांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळा फरक तिथे पडला. ताल चुकणं ही चर्चेची गोष्ट नाही. चक्करीनंतर उजव्याऐवजी डावा पाय आला, चौथ्या मात्रेची टाळी पाचव्यावर पडली, यात कुणाचं मत घ्यायचं? ते बरोबर तरी असतं नाहीतर चूक. ते पहिल्या कागदावर जाई आणि पुढच्या तालमीच्या सुरुवातीला दहा मिनिटांत, हातावर ताल देत, घासून काढलं जाई. कोणी कोणाला काही सुनवायचं नाही. पण एकदा हे बाजूला काढल्यावर चर्चेच्या वेळी शेजारणीच्या डाव्या हाताबद्दल बोलायची सोयच उरली नाही. वीस मिनिटं भरायची तर नाचाबद्दल बोलावं लागे. पहिल्या दिवशी चार मिनिटांत सगळ्या गप्प झाल्या. धाकटीने घड्याळ दाखवलं आणि म्हणाली, ‘अजून सोळा मिनिटं आहेत.’ ती सोळा मिनिटं आम्ही पावसाचा आवाज ऐकत बसलो.

रेनकोट

सहाव्या रविवारी पाणी काढून टाकलं. ओढण्या गेल्या, आठही जणी बायका झाल्या, पाणी फक्त पढंतीतल्या आकड्यांत उरलं. सगळ्यांना हलकं वाटलं आणि त्या उत्साहात रेनकोट आला. कोणी सुचवला आठवत नाही, पण बाकीच्या सातही जणींनी उचलून धरला: रस्त्यावरच्या बायका आहेत, रेनकोट हवेतच! मी एकटी साशंक होते. पण आता आपण ऐकणाऱ्या ताई झालो आहोत, या भरात मी हो म्हटलं.

दोन तालमी रेनकोटात झाल्या. प्लॅस्टिकची सळसळ इतकी की घुंगरू ऐकू येईनात. रूपकची खाली दाखवायला हात बाजूला नेला की आठ बाह्या एकदम फडफडायच्या. सातव्या रविवारी ओल्या फरशीवर एका आयटीवालीचा पाय सरकला, घोटा सुजला, आणि फिजिओथेरपिस्ट शेजारीच होती म्हणून निभावलं. तीन आठवडे तिला बसून नाचावं लागलं, म्हणजे फक्त पढंत.

एखादी सूचना सगळ्यांना आवडते तेव्हा तिच्यात बहुधा सगळ्यांना आपण छान दिसणार असतो. रेनकोटांचे रंग तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतही होते. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. बघणाऱ्यांनी काय दिसलं ते सांगावं. काय करावं हा निर्णय बसवणारीचा, आणि तो चुकला तर तिच्या माथी. हे मी पुढच्या तालमीला स्पष्ट बोलले. काकू म्हणाल्या, ‘मग आधीच बोलायचं की, ताई.’ मला हसू आलं, कारण चौथ्या रविवारी मी त्यांना नेमकं हेच म्हटलं होतं.

बाहेर बसणं

घोटा सुजल्यामुळे एक जण बाहेर बसली आणि तिथून एक पद्धत निघाली. ती समोरून बघत होती, हातावर ताल देत होती, आणि दोन तालमींत तिला त्या नाचाबद्दल आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं. तेव्हापासून प्रत्येकीने आळीपाळीने एक तालीम बाहेर बसून बघायची असं ठरलं. काही वेळा चार जणी नाचायच्या आणि चार बघायच्या.

त्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचो. त्याचा उपयोग शून्य. व्हिडिओत प्रत्येक जण फक्त स्वतःला बघते. मी एकदा चोरून पाहिलं: पाच जणी एकाच फोनवर डोकी घालून बघत होत्या आणि पाचही बोटं पाच वेगळ्या ठिकाणी होती. समोरचा आरसाही मी याच कारणाने जुन्या चादरीने झाकला. पहिल्या दिवशी रांग पार मोडली. तिसऱ्या दिवशी त्या एकमेकींच्या पावलांचा आवाज ऐकून जागा घेऊ लागल्या.

रांगेबद्दलचा प्रश्नही बाहेर बसलेल्या गणिताच्या बाईंचा: ‘या बायका एकमेकींना कुठून ओळखतात?’ म्हटलं, ओळखत नाहीत, रस्त्यावरच्या आहेत. ‘मग चार-चारच्या दोन ओळी कोणी लावल्या?’ मी लावल्या, वाट्यांनी. त्याच दिवशी ओळी मोडल्या. आता प्रत्येक जण वेगवेगळ्या मात्रेवर आत येते: एक समेला, एक तिसऱ्याला, दोघी पाचव्याला, आणि पुलाच्या तोंडाशी, रंगमंचाच्या डाव्या टोकाला, गर्दी आपोआप साठते. बसवायला दोन तालमी गेल्या. आधीच्या सुबक फॉर्मेशनचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

आणि मग आठव्या रविवारी बँकेतली बाहेर बसली. तीच, दहा मिनिटं पुलापाशी उभी राहिलेली. रन संपला, प्रश्नांची वेळ झाली. बराच वेळ ती काही बोलली नाही. धाकटीने तिच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाली, ‘पूल बंद आहे हे या बायकांना कितव्या मात्रेला कळतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेआठ मिनिटांच्या नाचात ती मात्राच नव्हती. सगळ्या जणी आल्या, नाचल्या, लय वाढली, तिहाई घेतली, समेवर आल्या. पूल उघडा असता तरी हेच केलं असतं.

तिट कत

त्या बुधवारी तबलजी पहिल्यांदा तालमीला आले. तोवर लेहऱ्याच्या (तालाला धरून फिरत राहणाऱ्या धुनेच्या) अ‍ॅपवर भागवत होतो. त्यांना मी हा प्रश्न सांगितला. ते शेवटच्या तिहाईपर्यंत गप्प होते. तिहाई अशी: ‘तिट कत गदि गन धा’, पाच मात्रा, तीनदा. पंधरा मात्रा. समेपासून उचलली की दोन आवर्तनांच्या चौदा मात्रा संपून पंधराव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेवर, शेवटचा धा. बिनचूक आणि बेदम, म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

त्यांनी मांडीवर बोटांनी मोजलं. ‘ताई, तिट कत सोडा. नुसतं गदि गन धा घ्या. तीन मात्रा. मग तीन मात्रा थांबा. परत गदि गन धा, परत तीन थांबा, परत गदि गन धा. हिशेब तोच.’

तीन बोलाच्या, तीन थांबण्याच्या, तीन, तीन, तीन. पंधरा. सम तीच. फक्त मध्ये दोनदा सगळं थांबतं. पहिला धा तिसऱ्या मात्रेला पडतो आणि त्यापुढे तीन मात्रा आठ जणी उभ्या. कळतं ते इथे, पहिल्या धा नंतर.

तिथेच करून बघितलं आणि अर्थातच कोसळलो. थांबणं हे नाचण्यापेक्षा अवघड. द्रुत लयीत तीन मात्रा म्हणजे जेमतेम दीड सेकंद, पण तो दीड सेकंद कोणालाच पेलेना. बहुतेक जणी दुसऱ्या मात्रेलाच पुढचा ‘गदि’ उचलत होत्या. काकू म्हणाल्या, ‘दम धरवत नाही.’ तबलजी म्हणाले, ‘धरू नका, खा. दम खायचा.’ मग स्वतःच हसले, कारण चुकत होतो ते नेमकं तेच: दम खाऊन टाकत होतो.

उपाय बाहेर बसलेल्यांनी काढला. चार जणी नाचताना उरलेल्या चौघींनी त्या तीन मात्रा तोंडाने न मोजता फक्त श्वास घ्यायचा, मोठ्याने, ऐकू येईल असा. तो श्वास ऐकून नाचणाऱ्या थांबू लागल्या. दहाव्या रविवारपर्यंत बाहेरच्या श्वासाची गरज उरली नाही. शेवटचा धा पायाने वाजवायचा नाही, हे मात्र मी ठरवलं, कोणालाही न विचारता. आठही हात रूपकच्या खालीसारखे बाजूला उघडतात आणि नाच संपतो.

नाच सात मिनिटांवर आला होता.

एक गोष्ट जी नीट झाली नाही

मधल्या भागात पुरुषोत्तमवालीचा चाळीस सेकंदांचा अभिनय होता. पुलापाशी थांबलेली बाई घरी फोन करते: उशीर होईल, कुकर लाव, दोन शिट्ट्या, औषध दे. शब्द नाहीत, नुसते हात आणि चेहरा. ती ते फार जीव ओतून करायची. नवव्या रविवारी बघणाऱ्या चौघींपैकी तिघींनी सांगितलं की फोन कोणाला चाललाय ते कळलं नाही. एकीला वाटलं नवरा, एकीला वाटलं ऑफिस, एकीला तर फोनच दिसला नव्हता, ती केस पुसतेय असं वाटलं होतं. तिने दोनदा बदल करून दाखवला. तरी नाही. आणि सगळ्या घोळक्यात एकीवरच नजर ठरल्यामुळे मागच्या सात जणी रिकाम्या दिसत होत्या. मी तो तुकडा काढला.

पद्धतीप्रमाणे सगळं रीतसर झालं होतं. कोणी तिला टोचून बोललं नाही, प्रश्न सरळ होते, निर्णय माझा होता. ती ‘हो ताई’ म्हणाली आणि घुंगरू सोडताना नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. ज्या मुलीने ‘का’ बंद करायचा नियम आणला, तिने त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या दोन्ही तालमींना वेळेवर आली, चोख नाचली, चर्चेत गप्प बसली. मी बोलायला हवं होतं. प्रयोग तोंडावर होता, दिव्यांचं ठरत नव्हतं, राहून गेलं.

प्रयोग शंभरेक खुर्च्यांच्या एका छोट्या सभागृहात झाला, गणपतीच्या आदल्या आठवड्यात. दोन तृतीयांश भरलं होतं, त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक. आत्या आल्या होत्या. नाच संपला, आठ हात बाजूला उघडले, आणि टाळ्या यायला किंचित उशीर झाला. बाहेर आत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मग उघडला का पूल?’ मी म्हटलं, दोन दिवसांनी उघडतो. ‘हो, तो उघडतोच म्हणा,’ म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.

त्यानंतर आणखी तीन प्रयोग झाले. तिसऱ्या प्रयोगात मी विंगेत उभी राहून पढंत करत होते. शेवटची तिहाई. गदि गन धा, आणि तीन मात्रांची पहिली शांतता, आठ जणी स्तब्ध. पुन्हा गदि गन धा, आणि दुसरी शांतता. त्या दीड सेकंदात, घोळक्याच्या मागच्या बाजूने, पुरुषोत्तमवालीचा उजवा हात कानापाशी गेला आणि खाली आला. बाकी कोणी हललं नाही. समेला तिचा हात इतर सात हातांबरोबर उघडला.

ते बसवलेलं नव्हतं. चौथ्या प्रयोगातही तिने तेच केलं. दुरुस्तीच्या कागदावर लिहायचं की प्रश्नांच्या, हे माझं अजून ठरलेलं नाही. रविवारी साडेसातला तालीम आहे, आणि या वेळी बाहेर बसायची पाळी तिची आहे.